उजवं मनगट, नग एक

धोंडा पडला गुरुवारी आणि जिल्हा झाला सोमवारी. धोंड्यानं चार दिवस दम धरला असता, किंवा सरकारनं चार दिवसांची घाई केली असती, तर ही गोष्ट अर्ध्या पानात आटोपली असती. पण धोंड्याला जिल्ह्याचं काय? बांधाला दगड लावायचं काम चाललेलं, त्या उतारावरून तो सुटला आणि साखराबाईच्या उजव्या मनगटावर जाऊन बसला. त्या घडीला ते मनगट उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. सुजून भोपळ्याएवढं झालं तेव्हा लातूर जिल्ह्यात होतं. जागचं न हलता दोन जिल्हे पाहिलेलं असं मनगट उभ्या मराठवाड्यात दुसरं नसावं.

काम होतं तळीखेडच्या पाझर तलावाचं, रोजगार हमीचं. तळीखेड निलंग्यापासून आठ मैल. त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुष्याला चार थेंब पडले ते पंचनामा करावा इतके मोजके. माणसं विहिरीत उतरून वाटीनं पाणी खरवडत होती. पाऊस नव्हता म्हणून तलावाचं काम निघालं, आणि पाऊस नव्हता म्हणूनच तलावात उभं राहून ते करता येत होतं. सरकारी योजनेत इतका मेळ एरवी बसत नाही.

या कामावर हजेरी घ्यायला गुरुपादप्पा निटुरे होता. निलंग्याहून रोज सायकलनं यायचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशाला टोपणाचा पेन. मजूर त्याला सायेब म्हणायचे आणि त्यानं कधी कुणाची दुरुस्ती केली नव्हती. खरं तर तोही रोजंदारीवरच होता, पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, सायकललासुद्धा नाही. आता नवा जिल्हा होणार, नवी हापिसं उघडणार, जुन्या रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघणार अशी हवा होती. निलंग्यातल्या अर्ध्या लोकांनी पावसाची वाट बघायचं सोडून यादीची वाट बघायला घेतली होती.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. तळीखेडच्या कामावर एका नावावर अख्खं घर राबायचं. हजेरीत नाव होतं केवळाबाई व्यंकट सूर्यवंशी. साखराबाई ही तिची थोरली जाऊ. साखराबाईचा नवरा शेषेराव तीन वर्षांमागं काविळीनं गेला होता, आणि तिच्या स्वतःच्या नावाची अर्जी कुठल्याशा टेबलावर आठ महिने निजली होती. म्हणून एक दिवस केवळाबाई कामावर यायची, एक दिवस साखराबाई. जी घरी राहील तिनं टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या आणि दोघींची मिळून पाच लेकरं बघायची. सगळ्या गावाचा हाच रिवाज. नाव म्हणजे भिंतीतली खुंटी, ज्या दिवशी जे माणूस मोकळं असेल ते त्या दिवशी तिच्यावर टांगायचं. गुरुपादप्पाला हे ठाऊक होतं. त्यानं डोळा झाकला होता आणि त्याबद्दल मनातल्या मनात तो स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचा. त्या गुरुवारी खुंटीवर साखराबाई होती.

धोंडा बाजूला केला तेव्हा ती ओरडली नाही. आपल्याच हाताकडं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत म्हणाली, ‘अप्पा, हात गेला जी माझा.’

आणि गुरुपादप्पा बोलून गेला. आयुष्याचं वाटोळं करणारी वाक्यं अशीच साधी असतात. तो म्हणाला, ‘घाबरू नको बाई. सरकारी काम हाय. मी एक कागद लिव्हतो, चार दिवसांत फोटू निघंल, सरकारी खर्चानं औषधपाणी हुईल.’

फोटू म्हणजे हाडाचा फोटो, एक्सरे. एक कागद आणि एक फोटो. काम एवढंच होतं.

गावानं मात्र कागदाची वाट पाहिली नाही. हाडं बसवणारा धोंडप्पा आला, त्यानं मनगट चाचपलं, उडदाच्या पिठाचा लेप थापला आणि वर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. ‘फोटूत काय असतंय?’ तो म्हणाला. ‘मला बोटाला दिसतंय की. सव्वा महिना हात हलवायचा न्हाई अन् वांगं खायचं न्हाई.’ त्या साली तळीखेडात वांगं कुणी डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पथ्याचा अर्धा भाग तरी कडक पाळला गेला.

दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पानं साखराबाईला निलंग्याच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता आणि त्याला झोप मिळत नसावी. त्यानं कामट्यांकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं.

‘हाड मोडलंय हे म्हशीलाही कळेल,’ तो म्हणाला. ‘कुठं मोडलंय, किती सरकलंय, ते फोटोशिवाय कळणार नाही. फोटो लातूरला. कामावरचा अपघात आहे ना? मग तुमच्या खात्याची मंजुरी आणा, नाहीतर ते घरी पडली असं लिहून परत लावतील. आणि तीन आठवड्यांच्या आत आणा. हाड काही मंजुरीसाठी थांबत नाही. ते जमेल तसं जुळत जातं. वाकडं जुळलं तर या बाईच्या हातात पुन्हा हातोडा राहणार नाही.’

‘तीन आठवडे?’ गुरुपादप्पा हसला. ‘मी चार दिवस म्हणलोय तिला.’

घरी येऊन तो अपघाताचा अहवाल लिहायला बसला. ‘सविनय सादर’ लिहिलं, तारीख लिहिली, धोंड्याचं अंदाजे वजन लिहिलं. मग आलं नाव, आणि पेन थांबला. साखराबाई लिहावं तर त्या दिवशीच्या हजेरीत साखराबाई नाही. हजेरीत नसलेली बाई धोंड्याखाली आली कशी, असं कुणी विचारलं की खोटी हजेरी, आणि खोटी हजेरी म्हटलं की यादीतून नाव गेलंच, वर खटला. त्यानं लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि लिहिलं, केवळाबाई भ्रतार व्यंकट सूर्यवंशी.

त्याची बायको महानंदा ज्वारी निवडत होती. ‘हात कुणाचा मोडला म्हणलाव?’

‘हात मोडल्याशी मतलब,’ गुरुपादप्पा म्हणाला. ‘नाव कुणाचं का असंना. हाड काय नाव बघून मोडतंय?’

‘मोडताना न्हाई बघत,’ महानंदा म्हणाली. ‘बसवताना बघत्याल.’

बायकांच्या अशा बोलण्याकडं लक्ष द्यायचं नसतं, हे गुरुपादप्पाचं ठाम मत होतं आणि हे मत त्याला आयुष्यात बरंच महागात पडलं होतं.

अहवाल घेऊन तो उपविभागाच्या साहेबाकडं गेला. साहेब म्हणाले, फोटोला मंजुरी द्यायला हरकत नाही, पण हाड मोडल्याचा दाखला लागेल. डॉक्टर म्हणाला, मोडल्याचा दाखला फोटो पाहिल्याशिवाय देता येत नाही. फोटोवाले म्हणाले, मंजुरी आणा. गुरुपादप्पा उपविभाग, दवाखाना आणि पुन्हा उपविभाग अशा इतक्या फेऱ्या मारू लागला की त्या रस्त्यात सायकलची चाकोरी पडली. निलंग्याची म्हातारी माणसं सांगतात, पुढं लोकांनी त्याच चाकोरीतून बैलगाड्या हाकल्या आणि बैलांना कासरा लावायचीही गरज पडत नसे.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा सिद्रामप्पा अर्जांच्या बाबतीत निलंग्याचा पंडित. त्यानं अर्ज वाचला आणि जीभ चावली. ‘अर्रर, गुरुपादप्पा! इथं गरीब बाई असं लिव्हलाव की! गरीब म्हणलं की कागद दुसऱ्या खात्याकडं जातंय. विधवा म्हणलं की तिसऱ्या.’

‘विधवा लिव्हलंच न्हाई.’

‘कामून? हाय की ती विधवा.’

‘कागदावर न्हाई,’ गुरुपादप्पा म्हणाला आणि घाम पुसला.

शेवटी साहेबांना दया आली. त्यांनी कागद स्वतःकडून हलवला, म्हणजे जिल्ह्याला पाठवला. पण कुठल्या? अपघात जुन्या जिल्ह्यात, बाई नव्या जिल्ह्यात. लातूरच्या हापिसानं लिहिलं, अपघाताचे दिनांकी हा जिल्हा अस्तित्वात नव्हता. गुरुपादप्पा एसटीनं उस्मानाबादला गेला. तिथं एका टेबलावर निजामाच्या काळात नोकरीला लागलेला म्हातारा पेशकार बसला होता. डोळ्यांत सुरमा, तोंडात पान.

‘कुठला तालुका? निलंगा? अरे मियाँ, निलंगा तर गेला. पोरगी नांदायला गेल्यावर तिच्या तापाचं औषध माहेराला मागतात काय?’

‘पण जनाब, ताप माहेरी असतानाच आला होता की.’

पेशकारानं चावणं थांबवलं. ‘दलील एकदम दुरुस्त आहे,’ तो म्हणाला. ‘म्हणूनच त्याला लेखी जवाब देता येणार नाही. तुमच्या तालुक्याची सगळी दफ्तरं ट्रकात घालून लातूरला रवाना केली. खुदा हाफिज.’

लातूरला नवं हापीस एका डाळीच्या भाड्याच्या गोदामात थाटलं होतं. खुर्च्या आल्या नव्हत्या, कारकून पोत्यांवर बसायचे आणि पंख्यानं तुरीचा भुसा उडून प्रत्येक अर्जावर बसायचा. दफ्तर सापडलं, पण शिक्का बनून यायचा होता. शिक्का आला तेव्हा सही करणाऱ्याचं पद मंजूर व्हायचं होतं. पद मंजूर झालं तेव्हा साहेब टंचाईच्या दौऱ्यावर होते. इकडं तळीखेडात साखराबाई दर दोन दिवसांनी विचारायची, ‘अप्पा, आला का जी कागद?’ आणि गुरुपादप्पा म्हणायचा, ‘निघालाय.’ कागद निघाला होता हे खरंच होतं. हाडही आपल्या वाटेनं निघालं होतं. कामट्यांच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं, पण अंगठा हळूहळू तळहातात वळून पडला होता आणि साखराबाई तो दुसऱ्या हातानं सरळ करून बघायची. सोडला की तो परत वळायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी मंजुरी आली. कागद देखणा होता. ‘केवळाबाई भ्र. व्यंकट सूर्यवंशी, उजवे मनगट, नग एक, याचे छायाचित्र काढणेस मंजुरी. सदर मंजुरी सात दिवस वैध राहील.’ गुरुपादप्पानं तो महानंदाला दोनदा वाचून दाखवला.

‘लई छान,’ महानंदा म्हणाली. ‘आता हे मनगट न्यायचं कुणी? केवळाबाईचं तर धडधाकट हाय.’

‘साखराबाई जाईल केवळाबाई म्हणून.’

‘पांढऱ्या कपाळानं? भ्रताराच्या नावाची बाई?’

तळीखेडात सूर्यवंशींच्या ओसरीवर बैठक बसली. गावच्या चार बायकांनी न विचारता सल्ला दिला. एक म्हणाली कुंकू टिकलीएवढंच लावा, दुसरी म्हणाली लावायचं तर ठसठशीत लावा, दवाखान्यातल्या लोकांची नजर अधू असते. केवळाबाईनं भिंतीकडं तोंड करून गळ्यातली काळी पोत काढली. जिवंत नवऱ्याची बायको पोत काढते तेव्हा बघणाऱ्यांनी मान फिरवायची असते. सगळ्यांनी फिरवली, व्यंकटनं तर घरच सोडलं.

‘घे अक्का,’ केवळाबाई जावेला म्हणाली. ‘आजच्या दिसासाठी. पण जपून. तुटली तर माझा माणूस तू भरून देणार हायस का?’

साखराबाईनं पोत घेतली. कपाळाला कुंकू लावून घेतलं. आरसा पुढं केला तर तिनं बघितलं नाही.

एसटीत गुरुपादप्पा तिला पढवत बसला. ‘नाव केवळाबाई. नवऱ्याचं नाव इचारलं तर व्यंकट. व्यंकट म्हणायचं, बस. एक शब्द.’ ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, औशापर्यंत नुसती वखरलेली, पेरायची राहिलेली काळी रानं. पोत तिनं पदराआड दाबून धरली होती.

लातूरच्या दवाखान्यात खिडकीमागं एक कारकून होता. त्यानं मंजुरी पाहिली, शिक्का पाहिला आणि जांभई दिली.

‘नाव?’

‘केवळाबाई.’

‘नवऱ्याचं नाव?’

साखराबाईनं पोत पदराआड आणखी दाबली.

‘लाजू नका बाई, इथं सगळ्यांना सांगावं लागतं. नवऱ्याचं नाव?’

गुरुपादप्पा मागून कुजबुजला, ‘व्यंकट. म्हण की.’

आता हे समजून घ्या की त्या भागातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. जत्रेत हरवला तरी ‘आमचे मालक’ म्हणून शोधते. शेषेराव जिवंत असताना साखराबाईनं त्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. तिनं खिडकीची कड डाव्या हातानं धरली आणि स्पष्ट, शाळेतल्या पोरासारख्या मोठ्या आवाजात म्हणाली, ‘माझ्या मालकाचं नाव शेषेराव. मी साखराबाई.’

कारकुनानं मंजुरी खिडकीबाहेर सरकवली. ‘ही दुसऱ्या बाईची आहे. पुढचा.’

दवाखान्याच्या आवारात एक कडुलिंब होता. त्याच्याखाली गुरुपादप्पा आयुष्यात पहिल्यांदा एका बाईवर ओरडला. ‘अठ्ठावीस दिवस! अठ्ठावीस दिवस मी कुत्र्यासारखा फिरून राहिलो. उस्मानाबादला जाऊन आलो. भुसा खाल्ला. अन् तुला एक शब्द म्हणता येईना?’

‘तुमाला शब्द हाय जी तो,’ साखराबाई म्हणाली. ‘माझा धाकटा दीर हाय. मी त्याला न्हाऊ घातलंय.’

‘माझी नोकरी हाय त्याच्यात!’

‘मंग तुमी केवळाबाई लिव्हताना मला इचारलं का?’ तिनं कुंकू पदरानं पुसलं, ते कपाळभर पसरलं. ‘माझा मालक एकदा मेला, अप्पा. तुमच्या नोकरीसाठी मी त्याला दुसऱ्यांदा मारू का? ऱ्हाऊ द्या. वाकडा तर वाकडा. चला घरला.’

ती खरंच एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. गुरुपादप्पा तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं, आपण फार मोठा विचार करतो आहोत. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात एवढंच होतं की ही बाई उद्या विचारणार नाही, कागद आला का. परवाही विचारणार नाही. आणि ते न विचारणं आठ मैल सायकल मारून रोज ऐकायला जायचं.

त्यानं हाक मारून तिला परत बोलावलं, झाडाखाली बसकण मारली आणि लिहिलं. त्या दिवशी कामावर साखराबाई भ्रतार कै. शेषेराव होती, हजेरीत नाव दुसरं होतं, आणि हे मला माहीत होतं. खाली सही. त्याच्या जन्मातला हा पहिला कागद, ज्यात ‘सविनय’ नव्हतं. तो त्यानं गोदामातल्या हापिसात नेऊन दिला.

आणि मग सरकार धावलं.

त्याआधी ज्या हापिसाला एका मनगटासाठी अठ्ठावीस दिवस लागले, त्यानं हा कागद साडेअकराला नोंदवला, बाराला साहेबांपुढं ठेवला आणि दोन वाजता चौकशी लावली. मध्ये एकच अडचण आली. रोजंदारीवाल्याची खातेनिहाय चौकशी करता येत नाही, कारण तो खात्याचा कुणी नसतो. तेव्हा चौकशीपुरतं त्याला खात्याचा माणूस धरण्यात आलं. आरोपपत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘कर्मचारी श्री. गुरुपादप्पा निटुरे’. तो शब्द गुरुपादप्पानं बोट ठेवून पुन्हा वाचला. नऊ वर्षं तो याच शब्दाची वाट बघत होता.

साखराबाईला साक्षीसाठी लातुरातच थांबवून घेतलं, आणि तिकडं केवळाबाईचं नाव हजेरीतून कटलं. केवळाबाई लातूरला आली ती भाकरी बांधून आणि जीभ परजून. ‘सायेब, एका नावावर आमी दोघी जगत होतो, ते बी तुमी खरं बोलून मारलं. याच्या आधी कधी बोलला नव्हताव खरं, आताच कामून सुचलं?’ तिनं जावेच्या गळ्यातली पोत काढून आपल्या गळ्यात घातली आणि भाकरी दोघांनाही वाटली.

चौकशी अधिकाऱ्याला पुरावा हवा होता. हजेरीतली बाई वेगळी आणि मोडलेली बाई वेगळी, हे सिद्ध करायचं तर मोडलेल्या बाईचं हाड पाहिजे. ताबडतोब पत्र निघालं आणि अर्ध्या तासात साखराबाईच्या मनगटाचा फोटो निघाला. एक नव्हे, दोन बाजूंनी दोन. ते पाकिटात घालून लाखेनं बंद झाले आणि वर लिहिलं गेलं, ‘पुरावा क्र. ३’. हाडाच्या डॉक्टरनं ते बघायला मागितले.

‘देता येत नाही,’ चौकशीचा कारकून म्हणाला. ‘हे उपचारासाठी नाहीत. पुराव्यासाठी आहेत.’

‘अहो, पण हात तिचाच आहे ना?’

‘तेच तर सिद्ध करायचंय.’

दुसऱ्या दिवशी साखराबाईची जबानी झाली. जबानीवर अंगठा हवा. पुरुषाचा डावा चालतो, बाईचा उजवा लागतो, असा त्या हापिसाचा नियम. कारकुनानं कामट्यांतून बाहेर आलेला तो वळलेला अंगठा ओढून बघितला. साखराबाईच्या तोंडून पहिल्यांदा किंकाळी निघाली, गोदामातले सगळे पोत्यांवरून उठले.

‘डावा घ्या की,’ ती रडत म्हणाली.

‘बाईचा डावा रद्दबातल असतो.’

अंगठ्याशिवाय जबानी नाही, जबानीशिवाय चौकशी नाही, चौकशीशिवाय गुरुपादप्पाला काढता येत नाही. चौकशी अधिकारी खमक्या माणूस होता, असला अडथळा तो सहन करणारा नव्हता. त्यानं दवाखान्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, ‘साक्षीदाराचा उजवा अंगठा शासकीय कामासाठी निकडीचा असून तो वापरण्यायोग्य करून द्यावा. खर्चास मंजुरी. तातडीचे.’ आणि सोबत लाख फोडून पुरावा क्रमांक तीन.

हाडाच्या डॉक्टरनं फोटो खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ बघितले. ‘वाकडं जुळलंय,’ तो म्हणाला. ‘परत मोडून बसवावं लागेल. पण इथं तर फक्त अंगठ्याला मंजुरी आहे.’ त्यानं गुरुपादप्पाकडं वळून विचारलं, ‘अंगठा मनगटाला जोडलेला असतो, एवढं तरी तुमच्या खात्याला मान्य आहे?’

‘कागदावर न्हाई,’ गुरुपादप्पा खरं ते बोलला. आता त्याला सवयच लागली होती.

‘मग त्यांना विचारत बसू नका. आणि पाणी आणा. नळाला चार दिवस पाणी नाही, प्लास्टर काय थुंकीनं भिजवू?’

लातुरात त्या दिवशी टँकर दोन गल्ल्या सोडून आला होता. रांगेत शंभर घागरी आणि शंभर बायका. त्यांच्यात धोतर, काळी टोपी, कपाळाला विभूती असा एकच कर्मचारी. बायकांनी त्याला पुढं घेतलं नाही, उलट विचारलं, ‘काय अप्पा, बायकोनं लावलं का कामाला?’ नेमका तेव्हाच रस्त्यानं सिद्रामप्पा चालला होता, लातूरच्या बाजाराला आलेला. भरलेली घागर खांद्यावर घेऊन येणाऱ्या गुरुपादप्पाला बघून तो थबकला, तोंड उघडलं, आणि काय सल्ला द्यावा ते न सुचून त्यानं तोंड मिटलं. सिद्रामप्पाच्या आयुष्यात असं पुन्हा कधी घडल्याची नोंद नाही.

हाड मोडलं, बसवलं, प्लास्टर चढलं. दीड महिना चौकशी थांबली. महानंदाला त्यानं आरोपपत्र वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘कर्मचारी झालाव म्हणायचं. पेढे न्हाईत, पण ज्वारी हाय आठ दिवसांची.’ मग तिनं चूल पेटवली आणि त्याला जेवायला वाढताना भाकरी जरा मोठी केली. यादी निघाली. तिच्यात त्याच्या हाताखाली शिकलेला एक जण होता.

प्लास्टर उतरलं त्या दिवशी डॉक्टरनं साखराबाईला मूठ वळायला सांगितली. दोन बोटं वळली नाहीत. ती तशीच राहतील, तो म्हणाला, मनगटही पुरतं फिरणार नाही. हातोडा धरता येईल का, तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, हलका असेल तर, आणि फार वेळ नाही. पण अंगठा उघडत होता. सरकारनं मागितला होता तेवढा मिळाला होता.

गोदामात तोवर दोन खुर्च्या आल्या होत्या. चौकशी अधिकारी एकीवर, कारकून दुसरीवर. जबानी वाचून दाखवली. साखराबाईनं ती ऐकली आणि गुरुपादप्पाकडं बघितलं.

‘हे दिलं तर तुमाला काढत्याल ना जी?’

‘हाव.’

‘अन् न्हाई दिलं तर?’

‘तर तू साक्षीदार न्हाईस. पुढची मालिश, औषध बंद.’ त्यानं जबानीकडं बोट केलं. ‘दे बाई. आता कशाला थांबतीस?’

कारकुनानं तिचा अंगठा धरून शाईत खुपसला. तिनं ओठ चावला, खांदा वर गेला. ‘ओ, असं न्हाई,’ गुरुपादप्पा म्हणाला. ‘सरका. नऊ वर्षं हेच केलंय मी.’ अधिकाऱ्यानं मान हलवली, कारकून खुर्चीवरून उठला.

गुरुपादप्पानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मनगटाखाली आपला पंजा ठेवला, म्हणजे भार यायला नको. अंगठा शाईवर या कडेपासून त्या कडेपर्यंत हळू फिरवला, जबानीच्या खालच्या रेघेवर आणला.

‘आता तूच दाब. जोर येतोय का बघ.’

तिनं दाबला.

‘दुखतंय?’

‘दुखतंय जी,’ साखराबाई म्हणाली. ‘पण येतोय.’

ठसा रेघन् रेघ उठला. गुरुपादप्पानं त्यावर फुंकर घातली, कागद बाजूला ठेवला आणि तिचा अंगठा परत शाईकडं नेला.

‘अजून दोन प्रती हायत,’ तो म्हणाला.